अक्रोडाचा दस्ता

दादा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं, ते कपडे वाळत घालता घालता एखादी गोष्ट सांगावी तसं. "अगं मित्रा, गेला तो. आता या घरात कुणी कुणाला मूर्ख म्हणणार नाही." मी सिंगापूरच्या वुडलँड्स एमआरटी स्टेशनात मेट्रोची वाट बघत उभी होते. समोरची गाडी सोडली, मग त्यानंतरचीही... दादाच्या बिशानमधल्या फ्लॅटवर पोचले तेव्हा वहिनीने त्याची खोली आवरायलाही घेतली होती. अंत्यविधीला बुद्धवंदना झाली, नागपूरहून आई व्हिडिओवर होती, आणि त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले की मिलिंद फार मनमिळाऊ होता. वहिनीने आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मनमिळाऊ तो कधीच नव्हता. माझा मोठा भाऊ जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनियर होता, हुशार होता, कामाला वाघ होता, आणि त्याची जीभ समोरच्याची साल काढायची. वहिनीच्या वरणाला तो पाहुण्यांसमोर "प्रयोग" म्हणायचा. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा एअरपोर्टवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुला घेतलं म्हणजे यांच्याकडे माणसं कमी पडलीत." कॉलेजात एनसीसीत असताना त्याला नेमबाजीचा नाद लागला, तो सिंगापूरलाही सुटला नाही. आई म्हणायची, बुद्धाच्या घरात बंदूक कशाला? तो म्हणायचा, "कागदावर मारतो आई. कागदाला दुःख नसतं." शनिवार सकाळ क्लबची. तिथे त्याची रायफल शस्त्रागारात कुलपात असायची आणि तिचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता गाल टेकून टेकून एका जागी काळपट, गुळगुळीत झाला होता. त्या लाकडाशी मात्र तो कधी वाकडं बोलला नाही.

मग त्याच्या बोटांतली ताकद जायला लागली. रायफल जुन्या पद्धतीची, गोळ्या वरून एकेक करून अंगठ्याने आत दाबायच्या. एका शनिवारी त्या त्याच्या हातातून निसटून सिमेंटवर घरंगळत गेल्या. शेजारच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. तपासण्या झाल्या, स्नायू झिजत जाण्याचा आजार निघाला, आणि डॉक्टर पुढे काय होईल ते सांगायला लागले तसा दादा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दस्ता खालून कोरायचा. काढता-घालता येणारं मॅगझिन बसवायचं. गोळ्या दुसऱ्या कुणी भरल्या तरी चालतील, मी नुसतं तळहाताने वर ढकलीन." क्लबचं शस्त्रागार सांभाळणारे मिस्टर टॅन म्हणाले, तयार प्लास्टिकचा दस्ता मिळतो, तो मागवू. दादा म्हणाला, "मी प्लास्टिकला गाल लावणार नाही." क्लबने रीतसर परवानगी काढली. अट एकच होती, काम टॅन यांच्या नजरेखाली क्लबच्या वर्कशॉपमध्येच व्हायचं. दादाच्या हातात पटाशी राहत नव्हती. म्हणून ती माझ्या हातात आली.

ते शनिवार मी आयुष्यात विसरणार नाही. मी आयुष्यभर पेशी बघितलेली बाई, लाकडाचा आणि माझा संबंध पोळपाटापुरता. तो खुर्चीवर बसून बोलायचा. "पटाशी आहे ती, चमचा नाही." "मांजरसुद्धा याहून सरळ ओरखडा काढतं." एकदा मला रडू आवरेना तेव्हा टॅन त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाले, "आइया, मिलिंद, तुझी बहीण आहे लाह!" दादा म्हणाला, "म्हणूनच बोलतो. परक्यावर कोण एवढा वेळ घालवतं?" टॅन यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि पाठ फिरवून कुठलीशी कानस पुसत बसले. त्यानंतरच्या खेपेला कडेचा एक टवका उडाला. दादा बराच वेळ त्या पांढऱ्या जखमेकडे बघत राहिला. "आपल्या घरात एकालाच डिग्रीच्या पुढे शिकता येणार होतं," तो म्हणाला, "तुला शिकवलं. चुकीच्या पोराला." पटाशी खाली ठेवून मी त्याच्याकडे बघितलं. तोही बघतच होता. "बघतेस काय? एवढी शास्त्रज्ञ आहेस तर सांग, हे हात किती टिकतील?" मी सांगितलं. कुठलाही मुलामा न लावता सांगितलं. आधी बोटं, मग मनगट, मग खांदा, मग गिळणं, मग श्वास... दादा म्हणाला, "एकदा तरी नेमकं बोललीस. आता तो टवका चिकटव." मी चिकटवला.

दस्ता पुरा झाला तो दिवस आनंदाचा असायला हवा होता. मॅगझिनची धातूची चौकट लाकडात अशी बसली की नखही आत जाईना. टॅन यांनी दोनदा मॅगझिन घालून-काढून बघितलं आणि अंगठा वर केला. रेंजवर जाऊन मी गोळ्या भरल्या. दादाने तळहाताने मॅगझिन वर ढकललं, खट् आवाज झाला, आणि तो हसला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर दुसऱ्याच्या कामासाठी आलेलं ते एकच हसू. मग गोळी पुढे सरकवायला त्याने बोल्टचा दांडा धरला. दांडा हलेना. मनगट वळवून बघितलं, दोन्ही हात लावले, शरीराचा भार टाकून बघितला. आम्ही त्या लाकडापाशी घालवलेल्या महिन्यांत आजार बोटांवरून मनगटापर्यंत पोचला होता. टॅन वाकून हळूच म्हणाले, "बोल्ट मी मारून देतो." दादा म्हणाला, "मग नेमही तुम्हीच धरा, गोळीही तुम्हीच मारा, आणि घरी जाऊन माझ्या बायकोला नेम लागल्याचंही तुम्हीच सांगा." त्याने गाल दस्त्यावर टेकला, क्षणभर तसाच राहिला आणि उठला. मी मॅगझिन काढलं, गोळ्या परत केल्या. टॅक्सीत तो म्हणाला, "चौकट डावीकडे केसभर जास्त कोरलीस." त्यानंतर तो क्लबला कधीच गेला नाही. पुढचं सगळं मी सांगितलेल्या क्रमानेच झालं. बोलणं गेलं तेव्हा वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "घर किती शांत झालंय गं," आणि मग तोंडावर पदर धरून उभी राहिली. तिने हसू दाबलं की रडू, ते मी विचारलं नाही.

परवा टॅन यांनी बोलावलं. रायफल दादाने आधीच क्लबच्या दुसऱ्या सभासदाच्या नावे करून दिली होती, त्या सभासदाने तिला प्लास्टिकचा दस्ता लावून घेतला. हलका पडतो म्हणे. जुना दस्ता बाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणजे तो कापून टाकायचा. टॅन म्हणाले, तुला बघायचं नसेल तर बाहेर बस. मी बाहेर बसले नाही. त्यांनी दस्ता पकडीत आवळला, गाल टेकायच्या त्या काळपट जागेवर क्षणभर हात ठेवला आणि करवत लावली. अक्रोडाचा वास सुटला. करवत तिरकी जात होती, आणि ती तिरकी रेघ मला बघवेना.

"सरळ कापा ना मिस्टर टॅन," माझ्या तोंडून निघालं. "एवढंही येत नाही?"

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि करवत माझ्या हातात दिली.