माती काय ठेवते

पृथ्वी गोल आहे हे अंगणवाडीतल्या पोरांना पटवणं सोपं नाही. मी काळ्या मातीचे नीट गुळगुळीत गोळे करून प्रत्येकाच्या हातात दिले होते. पाठ वळवून फळा भिंतीला टेकवते तोवर निम्म्या पोरांनी ते थापून त्यांच्या भाकरी केल्या. एकीनं तर वरून पाण्याचा हातही फिरवला, तव्यावर टाकल्यावर फिरवतात तसा. "अगं, पृथ्वी हाय ती, भाकर न्हाई," मी म्हणाले. ती म्हणाली, "भाकर बी गोलच आसती की ताई." रागवायला तोंड उघडलं आणि हसू आलं. त्या पावसाळ्यानंतर मला हसू आलं ते तेव्हाच.

चाकूरजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. महिन्याच्या बैठकीत शिकवायचे विषय वरून येतात. कधी पाणी, कधी झाडं, कधी आपले सण. दसऱ्याच्या आधी 'आपली पृथ्वी' आली. नुसतं बोलू नका, पोरांना हातानं करायला लावा, असं सुपरवायझर मॅडमनी बजावून सांगितलं. मॅडमना सांगायला काय जातं? त्यांची पृथ्वी रंगीत कागदावर छापून येते, आम्हाला ती परातीत कालवावी लागते. परातीत माती आणि पाणी घालून आम्ही जमीन आणि समुद्र केले. खिडक्या लावून, मोबाईलच्या उजेडापुढं चेंडू फिरवून दिवस-रात्र केली. एकानं विचारलं, आपलं गाव अंधारात गेलं तर म्हशीचं दूध कोण काढायचं? मी म्हटलं, तुझा बाप काढतो ते पहाटेच ना, अंधारातच.

पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाच हातानं काहीतरी करत राहायला हवं होतं. हात रिकामे राहिले की मुलगी आठवायची. श्रावणात माझी मुलगी गेली होती.

अहमदपूर तालुक्यात दिली होती तिला. तापाचं निमित्त झालं, मग कावीळ, मग लातूरचा दवाखाना, आणि तिथून गाडी तिला घेऊन परत सासरी आली. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतानाही आडवं निजवत नाहीत, बसवतात. सासरच्या शेतात बांधाजवळ खड्डा घेतला, आतल्या अंगाला कोनाड्यासारखी जागा केली आणि तिथं तिला मांडी घालून बसवलं. कपाळाला विभूती, वर बेलाची पानं. माझी नात, म्हणजे तिची एकुलती एक लेक, बापाच्या खांद्यावरून हे सगळं बघत होती. आई आडवी दिसली असती तर ती झोपली म्हणाली असती. तिला दिसली ती बसलेली.

"आई तिथं कामून बसली?" तिनं विचारलं. माझे व्याही रडत होते. रडता रडता म्हणाले, "ती आता हितंच बसती बाळा, आपल्या रानात." कुणी ते दुरुस्त केलं नाही. कुणाच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं.

कार्य उरकल्यावर जावई पोरीला माझ्याकडे सोडून गेले. त्यांच्या मागं शेत, जनावरं, दोन म्हातारी माणसं. पोर माझ्याबरोबर अंगणवाडीत यायला लागली. तिथं मला ताई म्हणायचं असं मी बजावलं होतं, पण ती आज्जीच म्हणायची आणि मग निम्मी पोरं मला आज्जी म्हणायला लागली. बाकी तिचा काही त्रास नव्हता. जेवायची, खेळायची, भांडायची. फक्त मधेच एखादा प्रश्न टाकायची. पाऊस आला की, आई भिजत आसंल का? जेवायला बसलं की, आईला कोण वाढतंय? मी म्हणायची, हाय की तिथं सगळे. ऊन-पाऊस, बी-अंकुर, रात्र-दिवस एवढ्या पोरांना समजावून सांगणारी मी, हे एक मला सांगता येत नव्हतं.

पृथ्वीच्या उपक्रमांत एक खड्ड्याचा उपक्रम होता. प्रत्येक पोरानं घरून एक टाकाऊ वस्तू आणायची, ती मातीत पुरायची, दोन-अडीच महिन्यांनी उकरून बघायचं की मातीनं काय खाल्लं आणि काय तसंच ठेवलं. आमच्या अंगणवाडीच्या मागं हापसा आहे, त्याचं सांडपाणी जाऊन तिथली माती कायम ओली असते. मदतनीस मावशींनी तिथं खड्डा घेतला. मावशी माझ्याहून थोरल्या आहेत, पोरांची खिचडी त्याच शिजवतात आणि मला रागवायचा हक्क त्यांना आहे असं त्यांनीच ठरवून टाकलंय.

पोरं एकेक करून पुढं आली. केळ्याचं साल, शिळ्या भाकरीचा तुकडा, कढीपत्त्याची काडी, शाम्पूची पुडी, चिप्सचं चकचकीत पुडकं, फुटकी बांगडी. शेवटी माझी नात आली. तिच्या हातात चिंध्यांची बाहुली होती. ती बाहुली माझ्या मुलीनं शिवलेली, तिच्याच एका जुन्या हिरव्या साडीची. त्या साडीलाही इतिहास होता. अहमदपूरच्या बाजारात मीच ती तिला घेऊन दिली होती, आणि अस्सल सुती आहे म्हणून दुकानदारानं गळ्याची शपथ घेतली होती.

"ही टाकाऊ हाय का गं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग ती खड्ड्याच्या कडेला पालथी पडली, आतल्या भिंतीला बोटांनी कोरून छोटी जागा केली, बाहुलीचे पाय दुमडले आणि तिला तिथं बसवलं. बेलाचं पान नव्हतं, तर पडलेलं लिंबाचं पान उचलून डोक्यावर ठेवलं. मावशींच्या हातातलं फावडं तसंच थांबलं. पोरांना वाटलं हा खेळच आहे, ती टाळ्या वाजवायला लागली. मी मावशींकडं बघितलं आणि त्यांनी माती ओढली.

त्या दुपारी पोरं गेल्यावर मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाई, ती चिंधी गुपचूप काढून घेऊ का? उगं उघडायच्या दिशी लेकराच्या जिवाला लागंल."

"राहू द्या," मी म्हणाले.

मी त्यांना कारण सांगितलं नाही, पण माझ्या मनात ते पक्कं होतं. सुती कापड. ओली काळी माती. दोन-अडीच महिन्यांत तिथं चार काळे धागेसुद्धा उरणार नाहीत. पोर स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, बाहुली बसवली होती ती गेली, मातीत मिसळली. तिचं तिला कळेल. जे मला बोलता येत नव्हतं ते मातीनं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. दिवाळी गेली, तुरी भरल्या, आणि मी मनातल्या मनात त्या मातीला विनवत राहिले की बाई, तेवढं एक काम कर माझं.

येळवस तोंडावर आली तेव्हा आम्ही खड्डा उघडला. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. पोरांच्या तोंडी आठवडाभर तेच चाललेलं. त्याच उत्साहात ती खड्ड्याभोवती उकिडवी बसली. मावशींनी हलक्या हातानं माती सारली. केळ्याचं साल कुठंच नव्हतं. भाकरी नव्हती. कढीपत्त्याची नुसती काडी. "मातीनं खाल्लं! मातीनं खाल्लं!" पोरं नाचायला लागली. मग पुडकं निघालं, जसंच्या तसं, वरचं चित्रसुद्धा पुसलं नव्हतं. शाम्पूची पुडी निघाली, बांगडीचा तुकडा निघाला. "ह्ये मातीला आवडलं न्हाई," एकानं निकाल दिला.

मी आतल्या अंगाला बघत होते. मावशींनी ढेकूळ काढलं आणि हिरवं दिसलं.

बाहुली होती तिथंच होती. बसलेली. चिखलानं माखली होती तेवढंच. नातीनं तिला ओढून काढलं, हापशावर नेलं, धुतलं, आणि तो पोपटी हिरवा रंग लख्ख बाहेर आला. सुती कसली आणि कसलं काय. दुकानदारानं प्लॅस्टिकचा धागा माझ्या गळ्यात मारला होता आणि मी इतकी वर्षं तो सुती समजून कौतुक करत होते.

"आज्जी, न्हाई खाल्लं!" पोर ओरडत आली. ओली बाहुली तिनं माझ्या गालाला लावली. तिचा चेहरा इतका फुललेला मी श्रावणानंतर बघितलाच नव्हता. "न्हाई खाल्लं मातीनं! आता येळवसला रानात गेल्यावर आईला काढू."

मावशी पुटपुटल्या, "लेकरं आत नेऊ का बाई?"

"नको," मी म्हणाले. आत नेली असती तर मी परत गप्प बसले असते. मी तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर मीच रडले असते. समोर बसवलं आणि पुडकं हातात घेतलं.

"ह्ये कारखान्यात झालंय," मी म्हणाले. "ही पुडी बी. तुझ्या बाहुलीची साडी बी कारखान्यातलीच. त्याला माती खात न्हाई. केळ, पाला, भाकर, ह्ये मातीतून आलंय. त्ये मातीत परत जातं."

ती विचार करत होती. तिच्या कपाळाला बारीक आठी पडते, आईच्या पडायची तशी.

"आई कारखान्यातली हाय का?"

"न्हाई."

"मग केळावानी?"

"हाव."

"केळ न्हाई ऱ्हायलं."

"न्हाई."

"आई बी न्हाई ऱ्हायली?"

"न्हाई बाळा."

"मग तिथं कोण बसलंय?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "तिथं आता कुणी बसलेलं न्हाई."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला धक्का बसला. कारण मीही तिला बसलेलीच धरून चालले होते. आश्विनात पाऊस झाला तेव्हा मीही मनात म्हटलं होतं की तिच्या पाठीला ओल लागत असेल. पोरीला काय सांगत होते मी, आणि माझं मलाच कुठं ठाऊक होतं? बाकीची पोरं मधेच बोलायला लागली. एक म्हणाला आमच्या आज्याला जाळलं, दुसरा म्हणाला राख नदीत सोडत्यात. त्यांच्या आवाजात जत्रेतल्या गोष्टी सांगितल्यासारखा उत्साह होता. माझी नात ऐकत होती. ती रडली नाही. खिचडीला बसली, परत मागून घेतली. रडले मी, आत, तांदळाच्या पोत्यांशी, आणि मावशींनी दार ओढून घेतलं.

येळवसला आम्ही अहमदपूरकडे, व्याह्यांच्या शेतात गेलो. पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती, हरभरा हिरवागार होता, चुलीवर सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी रटरटत होती. पूजा झाली, आंबील शेतभर शिंपडून झाली. मग माझ्या विहीणबाईंनी एक पत्रावळ वेगळी वाढली. भज्जी, बाजरीची भाकरी, आंबिलीचा पेला. ती बांधाजवळ नेऊन माझ्या मुलीच्या समाधीपुढं ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, "खा गं माय पोटभर."

"ती खात न्हाई," नात म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, दुःखही नव्हतं. अंगणवाडीत उत्तर देते तसं तिनं सांगितलं. "ती माती झाली. तिथं कुणी बसलं न्हाई."

जावयांनी मान खाली घातली. विहीणबाई वळल्या. "कुणी सांगितलं गं तुला आसलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते त्यांचे. "तुम्ही सख्खी आई ना तिची?" एवढंच म्हणाल्या.

माझी पिशवी मांडीजवळ होती. मी ती हळूच मागं सरकवली, पण पोरीचं लक्ष गेलं. वरून डब्याचं झाकण दिसत होतं. त्यात शेंगाच्या पोळ्या होत्या. पहाटे उठून केलेल्या, गूळ जरा जास्त घालून, मुलीला लागायचा तसा. तिच्या समाधीपुढं ठेवायला आणल्या होत्या. नात शेंगाच्या पोळीला तोंड लावत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"आज्जी, ह्यो डबा कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुझाच," मी म्हणाले.

तिनं झाकण काढलं, आत बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि एक पोळी मोडून तिनं मुकाट्यानं खाल्ली.