खडावेखालची मान

"हलू नगं. हललास तर नरडं दाबीन."

हे बोलला विष्णूचा पाचवा अवतार. वामन. त्याच्या पायात लाकडी खडावा, खडावेखाली माझी मान. मी पालथा, वेशीतल्या डांबरावर, गेल्या जत्रेला, भर दुपारी. चैताचं डांबर ते. भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. जत्रेला दहा अवतारांची मिरवणूक निघते. प्रत्येक सोंग ठरल्या घरचं. वामन पाटलांचा. पोथीत तो बुटका बटू. आमचा वामन म्हणजे थोरल्या पाटलांचा बाळासाहेब, वजन एका म्हशीचं, वर रेडकू फुकट. त्याच्या पायाखालचा बळीराजा आमच्या घरचा. आज्यानं बुद्धाची दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले. गावानं आमच्यावरचा बळी काय सोडला न्हाई. नकार दिला की पाटलांच्या रानात आमच्या बायांना खुरपण बंद. म्हणून आजा पडला, बाप पडला. थोरल्या पाटलानं बापाची मान अशी दाबली, की तो मरेपर्यंत खांद्याकडं बघत जेवला.

रिवाज असा, की वामनानं पाय काढल्याशिवाय बळीनं उठायचं नाही. बाळासाहेब फोटो काढून घेत होता. एक झाला, शंभर झाले. माझ्या कानामागून ओघळ आला.

"बाळासाहेब, पाय काढा. रगात आलंय."

"येऊ दी. तुझ्या बापाचंबी आल्तं."

मी मार्केटातला हमाल. या मानेवर अख्ख्या महाराष्ट्राचा कांदा वाहिलाय. दोन्ही तळवे डांबरावर रोवले आन् उठलो. वामन उडाला. लोक म्हणतात, पिंपळाच्या शेंड्याला लागला. मी म्हणतो, दोन फांद्या खालीच. पण पडला तेव्हा त्याच्या खांद्याचं हाड कडाडलं, ते वाढवून सांगत नाही.

मग बाकीचे अवतार ट्रॉलीवरून उतरले. कुऱ्हाड पुठ्ठ्याची, लाथा खऱ्या. नरसिंहाच्या पत्र्याच्या नखांनी पाठ उभी फाडली. तीन दात वेशीत सांडले. पडलेली खडाव हाताला लागली, तिनं मी परशुराम झालेल्या पाटलाच्या पुतण्याचं नाक फोडलं. गाव ओरडत होतं, "हाण, हाण." कुणाला, ते शेवटी शेवटी त्यांनाही कळेना.

यंदा थोरले पाटील दारात आले. "झालं गेलं सोड. बळीबिगर सोंग अडतंय. धाकट्याला तरी धाड."

धाकटा भाऊ माझ्याकडं बघत होता. मी दारावर खिळ्याला टांगलेली खडाव दाखवली. रक्त पुसलेलं नाही, पुसणारही नाही.

"पाटील, आमच्या घरचं कुणी पडणार न्हाई. खुरपण बंद करा, न्हाईतर वाट बंद करा. सोंग करायचंय ना? मंग मान तुमच्या घरची आणा."