पाय धुतलेलं पाणी

आरतीचं ताट समोर आलं की मी अजूनही मागे सरते. कापराचा वास मला नको होतो.

पंधराएक वर्षांपूर्वी दिघीला आमच्या शेजारी राघो राहायचा. त्याला कानात आवाज ऐकू यायचे, आणि ती देवीच बोलते असं सगळ्या कोळीवाड्याने ठरवून टाकलं होतं. नारळी पुनवेला, होड्या समुद्रात जायच्या आधी, आम्ही बायका त्याच्याकडे कौल मागायला बसलो होतो. त्याचे पाय धुतलेलं पाणी वाटीतून फिरत होतं. त्यात कापूर होता, तळाशी वाळू होती आणि मासळीचं एक खवलं. मी ते डोळे मिटून प्यायले. शी!

तेवढ्यात त्याची बायको सुमन माझ्याजवळ येऊन टेकली. तिच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं.

"डाक्टरनी रोज द्यायला सांगितलंय, पन ह्यो घेत न्हाय. मला म्हनतो, देवी तुला मागते. वयनी, तुमचं ऐकल तो. तुमी सांगा."

"देवीला गोळ्या चारतेस व्हय गं?" मी म्हणाले. सगळ्या खदखदून हसल्या. सुमनने पाकीट पदराच्या टोकाला बांधलं.

चार दिवसांनी राघोने तिला कोयत्याने ठार मारलं.

तो आजारी होता, त्याला काही कळत नव्हतं, असं कोर्टाने म्हटलं. ते खरंच आहे.

मला मात्र कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी कौलाला निघण्याआधी मी माझी बीपीची गोळी घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलेली, रोजच्यासारखी, न चुकता.