आमच्या चौथीतला आजा

एप्रिल महिन्यात आमच्या घरी मला कुणी "आज शाळेत काय झालं?" असं विचारत नाही. विचारलं की मी सांगायला लागते, आणि मी सांगायला लागले की तव्यावरची भाकरी करपते! पण खरं सांगते, वर्षभरात जेवढे किस्से होत नाहीत तेवढे शेवटच्या महिन्यात होतात. अभ्यास संपलेला, पोरं मोकाट, हेडसर कागदांत बुडालेले आणि आम्ही बाया-मास्तर उन्हाने वैतागलेले. अशा वेळी काही घडलं नाही तरच नवल.

आमची शाळा ठाण्याजवळच्या पूर्ण्याला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोडाऊनं, मधोमध कंटेनर आणि कंटेनरच्या मागे कुठेतरी आम्ही. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरं हायवेपलीकडच्या हायस्कूलला जातात. मी पहिलीला वर्ग घेते आणि चौथीपर्यंत तोच वर्ग घेऊन वर चढते. त्यामुळे दर चार वर्षांनी एप्रिलमध्ये माझं रडं ठरलेलं. स्टाफरूममध्ये त्यावरून माझी टिंगल होते, होऊ दे.

या खेपेच्या चौथीत आर्या होती. आणि आर्याबरोबर तिचा आजा होता.

*

आजाची आधी ओळख करून देते. आर्याच्या घरची सगळी शेती गोडाऊनखाली गेलेली. भाडं येतं, बंगला आहे, दारात दोन गाड्या आहेत. आजाला मात्र काम उरलं नाही. पहिलीच्या पहिल्या दिवशी तो आर्याला सोडायला आला. पोरगी रडायला लागली म्हणून व्हरांड्यात खिडकीशी बसला. आठ दिवसांत आर्या रमली. आजा मात्र उठलाच नाही!

मी म्हटलं, "आजोबा, आता नाही रडत ती. तुम्ही घरी जा."

"घरी जाऊन काय करू? तितं पन बसायचाच हाय."

पुढे पाऊस लागला. व्हरांड्यात झड यायला लागली, तशी मीच त्याला आत बोलावलं. शेवटच्या बाकावर बसवलं. पाऊस गेला, आजा राहिला. चार वर्षं राहिला. पोरं त्याला "आजा" म्हणतात, मीही मनातल्या मनात आजाच म्हणते. त्याची एकच खोड. पाढे विचारले की पोरांच्या आधी उत्तर देतो! शेवटी मला सांगावं लागलं, "आजोबा, तुम्ही मनात म्हणा."

*

संकलित परीक्षेत परिसर अभ्यासाला प्रश्न होता, "तुमच्या परिसरात कोणकोणती पिके घेतली जातात?" पुस्तकात भात, नागली, वाल सगळं दिलेलं. मी चार वेळा घोकून घेतलेलं.

आमचा ओमकार म्हणजे वर्गातला वकील. त्याने लिहिलं, "खरीप हंगामात गोडाऊन. रब्बी हंगामात गोडाऊन."

मी पेपर हातात घेऊन विचारलं, "हे काय रे?"

"बाई, तुमच्या परिसरात असं विचारलंय. पुस्तकाच्या परिसरात न्हाय विचारलं."

मी लाल पेन घेऊन विचार करत बसले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मार्क द्या बाई त्याला. भात वरसातून एकदा निघायचा, ह्यो पीक दर म्हयन्याला निघतो!"

सगळा वर्ग हसला. आजाही हसला. मग जरा वेळाने खिडकीतून समोरच्या पत्र्यांकडे बघत बसला. तिथे त्याचं भाताचं खाचर होतं, हे मला नंतर आर्याने सांगितलं. मी ओमकारला पूर्ण मार्क दिले.

*

ग्रुप फोटोच्या दिवशी फोटोग्राफरने पोरांना मैदानात उभं केलं. मैदान म्हणजे शाळा आणि रस्ता यांच्यामधली जागा. फोटो काढणार, एवढ्यात मागे एक कंटेनर येऊन अडकला. पुढे जाईना, मागे जाईना. फोटोग्राफर घामाघूम, पोरं उन्हात करपतायत, हेडसर ओरडतायत, "काढा हो, मागचं नंतर कापू!"

काढला. फोटो आला तर कंटेनर तसाच, आणि शेवटच्या रांगेत पोरांच्या मागे ड्रायव्हर उभा! केस विंचरून, हात मागे बांधून, अगदी शिस्तीत. तो कधी उतरला, कधी उभा राहिला, कुणालाच पत्ता नाही. कापायचा म्हटलं तर त्याच्याबरोबर पाच पोरांची डोकी जात होती. तसाच ठेवला.

खरी गंमत पुढे. दोन दिवसांनी ओमकारची आई तावातावाने शाळेत आली. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हे नवीन सर कंच्या विषयाचे? पोरगा बोलतो, ते वर्गावर एकदा पन आले न्हायत!"

मी काही बोलायच्या आत हेडसरच म्हणाले, "बदली झाली त्यांची."

*

निरोप समारंभाला आमच्याकडे घड्याळ द्यायची पद्धत आहे. प्रत्येक चौथी जाताना शाळेला भिंतीवरचं घड्याळ देऊन जाते. परिणामी शाळेत भिंती कमी आणि घड्याळं जास्त! प्रत्येकाची वेळ निराळी. उशिरा आलेला पालक आपल्याला सोयीचं घड्याळ बघतो आणि "अजून टाइम हाय की!" म्हणून आम्हालाच ऐकवतो.

यंदा हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडले. "बाळांनो, काहीही द्या. झाड द्या, झाडू द्या. घड्याळ नको!"

पोरांनी माना डोलावल्या. समारंभाच्या दिवशी चौघांनी मिळून फ्रिज मावेल एवढा खोका ओढत आणला. त्यातल्या सोनूचे वडील गोडाऊनवर वॉचमन, त्यामुळे पॅकिंगचा माल चोख. हेडसर खूश! त्यांना वाटलं, कूलर आहे. खोका उघडला, तर आत खोका. त्यात आणखी खोका. मग थर्माकोल, मग ते फोडायचे फुगे असलेलं प्लास्टिक. ते पोरांनी तिथेच बसून फोडून घेतलं. स्टेज कागदांनी भरून गेलं. शेवटी हेडसरांच्या हातात आलं घड्याळ!

हेडसर मटकन खुर्चीत बसले. सोनू कौतुकाने म्हणाला, "सर, आपने मना किया था ना, इसलिए बहुत अंदर छुपाके लाया."

*

त्याच समारंभात भाषणं झाली. आमच्याकडे निरोपाचं भाषण थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे येतं, गणवेशासारखं. तीन पोरांनी ओळीने तेच भाषण केलं, "ही शाळा आमची दुसरी आई आहे." आम्ही तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

मग ओमकार उठला. छान बोलत होता. शेवटाला आला आणि म्हणाला, "आणि पाटील सरांना तर आम्ही कधीच विसरणार नाही!" म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला. आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले.

आता पाटील सर बदली होऊन गेले, तेव्हा ओमकार बालवाडीतही नव्हता. मी त्याला बाजूला घेतलं, पाणी दिलं. "अरे, तू पाटील सरांना बघितलंस तरी का? रडलास कशाला?"

डोळे पुसत म्हणाला, "ताईच्या भाषणात तितं रडायचं होतं."

त्याच्यानंतर आर्याचा नंबर होता. ती माईकसमोर उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि खाली उतरली. "मना हायवेच्या शाळेत जायचंय, सगळ्यांबरोबर. पप्पा ठाण्याला पाठवतायत." एवढंच. त्या भाषणाला टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

*

आर्याचे पप्पा मला भेटायला आले ते परीक्षेनंतर. अकराची वेळ दिली होती, साहेब साडेबाराला उगवले. घाम पुसत म्हणाले, "सॉरी बाई, रस्त्यावर कंटेनर अडकलाय."

"कुणाचा?"

"आमच्याच गोडाऊनला आलेला," म्हणाले आणि स्वतःच हसले.

माणूस वाईट नाही. लेकीवर जीव आहे. ठाण्यात इंग्लिश मीडियमला प्रवेश बघून ठेवला होता, एसी बस दारात येणार होती.

मी म्हटलं, "अहो, ठाण्याच्या वाटेवर कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये पोरगी बसमध्येच पाचवीची सहावी होईल!"

"ते चालंल बाई. पन हायवे वलांडायचा म्हंजे? तुमी तो हायवे बघताय ना? एकटी कशी जाईल ती? मी धंद्यात, तिची मम्मी दुकानात. तिला रोज न्यायला-आणायला घरात येळ हाय कोनाला?"

हे ते माझ्या टेबलाशी बसून मोठ्या आवाजात बोलत होते. वर्गात शेवटच्या बाकावर आजा बसला होता. सुट्टी लागली होती, पोरं नव्हती, आर्याही मैदानात खेळत होती, तरी आजा आपल्या जागेवर होता. त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.

पप्पा गेल्यावर मी आजाजवळ गेले. म्हटलं, "आजोबा, तुम्ही बोला ना मुलाशी. पोरीचं मन नाही ठाण्याला."

"मी काय बोलू बाई? मना कोन इच्यारतो?"

मला वाईट वाटलं. आर्याचं वाटलंच, पण आजाचं जास्त वाटलं. ठाण्याच्या त्या शाळेच्या गेटवर वॉचमन असणार, आणि वॉचमन आजाला बाकापर्यंत सोडणार नव्हता. घरी येऊन मी हे सांगत होते, तेव्हा भाकरी करपली आणि कुणी मला बोललं नाही.

*

एक मेला निकाल. झेंडावंदन झालं, पोरांना प्रगतिपुस्तकं वाटली, कुणी नाचलं, कुणी नापास नसतानाही रडलं. मग चौथीचे दाखले. हेडसर टेबल टाकून बसले, शेजारी मी. पोरं आणि पालक रांगेत.

आर्याचे पप्पा रांगेबाहेर फोनवर बोलत उभे होते. ठाण्याच्या शाळेसाठी दाखला घेऊन लगेच निघायचं होतं त्यांना. आर्या गाडीत बसली होती, काच वर करून. मी हाक मारली तरी तिने काच खाली केली नाही.

रांग सरकत सरकत ओमकारचा नंबर झाला, आणि त्याच्या मागून टेबलासमोर आला आजा. धुतलेला सदरा, कडक टोपी, पायात नव्या चपला.

हेडसर म्हणाले, "आर्याचा दाखला ना? तिचे वडील घेतायत, आजोबा."

"ते र्‍हाऊ द्या. दोन करा."

"दोन? दोन कशाला? हरवला तर डुप्लिकेट देतो आम्ही."

"हरवंल कशाला? एक तिचा, हायवेच्या शाळेचा." आजाने दोन बोटं टेबलावर ठेवली. "दुसरा माजा."

पप्पांचा फोन कानावरून खाली आला. "बाबा, काय चाललंय? लोक बघतायत!"

आजा वळलासुद्धा नाही. हेडसरांनाच म्हणाला, "त्यो बोलला ना, घरात येळ हाय कोनाला. मना हाय. सकाळी मी तिला नेनार, संद्याकाळी आननार. मधला दिस गेटावर बसून काय करू?"

गाडीची काच खाली आली. पप्पा एकदा आजाकडे, एकदा गाडीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी फोन खिशात टाकला.

हेडसर अडचणीत सापडले की नियम सांगतात. घसा खाकरून म्हणाले, "तसं नाही हो आजोबा. दाखल्यावर शेरा लिहावा लागतो. दाखला चौथी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाच मिळतो."

आजाने टोपी नीट केली आणि माझ्याकडे वळला.

"मंग सांगा बाई. मी पास का नापास?"