पिठावरची पावलं

सिनेमा भुताचा असला म्हणून काय झालं, काढणारा तर तोच ना, असं म्हणत मी आबाला, म्हणजे माझ्या वडिलांना, शिरड शहापूरहून हिंगोलीला सिनेमाला नेलं. त्या दिग्दर्शकाचे विनोदी सिनेमे आमच्या घरात पाठ होते. गावात कुणाच्या लग्नाला व्हिडिओ आणला आणि त्याचा सिनेमा लागला, की माय तोंडात पदर कोंबून हसायची. आबाही हसायचा.

माय गेली आणि आबा मेंढरांशीच बोलू लागला. आमच्याशी फक्त व्हय आणि न्हाई. मायचा विषय निघाला की ताटावरून उठायचा. घरात बसवत नव्हतं मला. हा माणूस आतल्या आत झुरून संपणार, अशी धास्ती बसली होती. त्याला एकदा, फक्त एकदा हसवायचं होतं.

एसटीत त्यानं दोनदा विचारलं, "मेंढरं कोण पाहून राहिलं?"

"काका पाहून राहिला न, आबा. बस की गुमान."

पण मलाच कुठं गुमान बसवत होतं!

दुपारचा खेळ. सुरुवातीलाच नायक जिन्यावरून घसरला आणि सगळं थेटर हसलं. तो विनोद नव्हता, हे जरा वेळानं कळलं. मग दारं आपटली, पडदे उडाले, घरात लख्ख दिवे लागलेले असताना बाई मेणबत्ती घेऊन फिरली. ना धड भीती, ना धड हसू. मागून कुणीतरी ओरडला, "अरे, हसव न बे!" माझ्याही मनात तेच होतं, त्याहून वाईट शब्दांत.

मी पडद्यापेक्षा आबाकडेच जास्त बघत होते. तो चुळबुळत होता आणि मधूनच डावीकडे मान वळवत होता. डावीकडची खुर्ची रिकामी होती. तेव्हा मला आठवलं, व्हिडिओ बघतानाही तो असाच आधी डावीकडे बसलेल्या मायकडे बघायचा आणि मग हसायचा. सिनेमानं त्याला कधी हसवलंच नव्हतं. उठून जावंसं वाटलं, पण त्याला काय सांगणार?

तेवढ्यात पडद्यावर नायकाच्या स्वयंपाकघरात पीठ सांडलं. त्या पिठावर त्याच्या मेलेल्या बायकोची पावलं उमटू लागली, एकेक करून, त्याच्याच दिशेनं. नायक किंचाळला आणि खिडकीतून बाहेर पडला. थेटरात शिट्ट्या झाल्या.

आबा उभा राहिला.

"पळून काहून राहिला ह्यो? बायको आली न त्याची!"

पुढच्या रांगा खो खो हसल्या. मला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघतात, पिठावर काही उमटलंय का. मायच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. सुटली बाई, कशात अडकली न्हाई, असं म्हणत म्हाताऱ्या बाया समाधानानं उठल्या. आबानं मात्र टोपलं परत तसंच पालथं घातलं होतं आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. आम्हाला वाटलं, दुःखानं भान हरपलंय.

मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "आपल्या पिठावर कायच न्हाई आलं, बाई. मी लई निरखून पाह्यलं."

माय गेल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलला. मला रडू आवरेना.

मध्यंतर झालं. अर्धं थेटर शिव्या घालत बाहेर पडलं. मी डोळे पुसून म्हणाले, "चाल आबा, जाऊ घरी. मेंढरं वाट पाहत असतील."

"थांब जरा," तो म्हणाला. "ती आणखीन येती का, पाहू."

मग मी त्याच्या डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि आम्ही तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.