एकेचाळीस ठिणग्या

संस्थेत बाईंना सगळे 'स्फोटवाल्या बाई' म्हणत, तेही अगदी तोंडावर. बाईंना त्याचा राग यायचा नाही. आभाळाच्या पार दुसऱ्या टोकाला एखादा अवाढव्य तारा मरतो, मरता मरता काही सेकंदांत गॅमा किरणांचा असा लोट सोडतो की आपल्या सूर्याला तो जन्मभरात जमायचा नाही. ते किरण अब्जावधी वर्षांनी आपल्या उपग्रहावर येऊन आदळतात, आणि त्यांची वाट पाहणं हाच बाईंचा धंदा. स्फोटाला वेळकाळ नसतो. एकदा दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेल्या असताना फोन वाजला आणि बाई तशाच उठून ऑफिसला आल्या, अर्धा गाल बधिर. दुपारी सासूबाईंचा फोन यायचा, "आज कुठे फुटलं गं?" आणि बाई त्यांना परिषदेत सांगावं तितक्याच मन लावून सांगायच्या.

तळमजल्यावरच्या वर्कशॉपमधल्या काकांना या बाईंचं भारी कौतुक. उपग्रहावरची पेटी काकांनीच बांधली होती. तिच्यात दोन स्फटिक शेजारी शेजारी. गॅमा किरण पडला की स्फटिकात बारीकसा उजेड होतो, तो मोजायचा. स्फटिक एवढे नाजूक की हवेतला ओलावा लागला तरी नासायचे. काकांनी ते तान्ह्या बाळासारखे सांभाळले. बायको म्हणायची, "स्वतःच्या पोरांना कधी इतकं जपलंत का हो?"

त्या पेटीच्या जोरावर बाईंनी बारा वर्षांत एकेचाळीस 'ठिणग्या' शोधल्या होत्या. म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारे, कुणी कधी न पाहिलेले स्फोट. नाव झालं, मान मिळाला. आता खास ठिणग्यांसाठी नवा उपग्रह सोडायचा घाट होता. त्याची बैठक गुरुवारी होती.

सोमवारी सकाळी बाई वर्कशॉपमध्ये आल्या त्या चेहरा पाडूनच. आजवर दोन्ही स्फटिकांची बेरीज करून आकडे पाहायची पद्धत होती. बाईंनी ते पहिल्यांदाच वेगळे काढले होते. आभाळातला स्फोट दोन्ही स्फटिकांना दिसायला हवा. पण दर ठिणगीला एकच चमकलेला, शेजारचा ढिम्म.

"काका, खरं सांगा. आपला स्फटिक कधी उगाचच चमकायचा का?"

काकांना सगळं लख्ख आठवत होतं.

"एवढ्या वर्षांचं कुठे आठवतंय, बाई?"

"मग चाचणीची वही काढू."

"ती... हरवली बहुतेक."

"तुमच्या हातून आजवर एक स्क्रू हरवलेला नाही, काका."

काकांनी निमूट कपाट उघडलं. चाचणीच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जड कणांचा मारा केल्यावर स्फटिक क्षणभर आपोआप चमकतो. बाईंना सांगितले.' त्याखाली बाईंचं अक्षर होतं, 'किरकोळ आहे. सोडून द्या.' अवकाशात भटकणारा एखादा जड कण पेटीवर आपटायचा, आणि बाई त्याला स्फोट समजायच्या. बारा वर्षं!

"पान फाडतो," काका म्हणाले. "कोण बघतंय?"

"वेडे आहात का? या ठिणग्यांवर हजार पानं लिहिली आम्ही," बाईंचा आवाज चढला, "त्यातलं हे एकच खरं निघालं, आणि तेच फाडताय?" मग त्या तिथल्या स्टुलावर बसून रडल्या. काकांनी नुसतं पाणी आणून ठेवलं.

गुरुवारी बाईंनी तेच पान पडद्यावर लावलं, दोन्ही अक्षरांसकट. "एकेचाळीसपैकी एकही ठिणगी आभाळातली नाही," त्या म्हणाल्या. "मला वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नवा उपग्रह तिथेच बारगळला.

काका दाराजवळ मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. बाईंनी त्यांना व्यासपीठावर बोलावलं. "स्फटिक कसा तपासायचा, ते आता काका सांगतील."

काकांनी जन्मात कधी माइक धरला नव्हता. पहिलं वाक्य तर माइक तोंडापासून लांब धरूनच म्हटलं. मग स्फटिकाचा विषय निघाला आणि हात आपोआप हलायला लागले; कुठल्या बाजूने मारा करायचा, किती थांबायचं, उजेड विझेपर्यंत कसं मोजत राहायचं. बोलता बोलता त्यांनी समोर पाहिलं. बाई पहिल्या रांगेत वाकून बसल्या होत्या आणि त्यांचा शब्दन् शब्द लिहून घेत होत्या.