विहीणबाई, गॅरेज दाखवा

आमच्या सुनेचे मामा या जगात कोणावरही विश्वास ठेवत नसत, गणपतीवरसुद्धा नाही. "येतानाच जायचा दिवस ठरवून येतो, त्याचं काय सांगता!" असं म्हणत, आणि आरतीला आवाज मात्र सगळ्यांच्या वर लावत. समोरचा माणूस आज ना उद्या आमचं स्प्रिंगफील्ड लेक्स गाव सोडून जाणार, हा त्यांचा एकच संशय होता, आणि तो त्यांना तान्ह्या मुलाबद्दलही येई.

कारण हे गाव आपण वसवलं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते आले तेव्हा म्हणे रस्त्यांना नावं होती पण घरं नव्हती, आणि संध्याकाळी दिवा लागे तो फक्त त्यांच्याच खिडकीत. "लोक तळ्याकाठी गाव वसवतात, विहीणबाई. इथे आधी मी आलो, तळं माझ्यामागून आलं," असं ते मला सांगत. मी मुलाला हळूच विचारलं, तर तळं खोदलेलं आहे हे खरं निघालं. बाकीचं देव जाणे. पत्ता सांगतानाही ते आज जे आहे ते सांगत नसत, पूर्वी जे होतं ते सांगत. "कांगारू बसायचा तिथून डावीकडे वळा." पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी तो कांगारू शोधत भर उन्हात फिरत राहिली. मला मात्र त्यांचे पत्ते सोयीचे वाटत. पाट्या इंग्रजीत, त्या मला कुठे वाचता येतात! कांगारू निदान डोळ्यांसमोर आणता तरी येतो.

पुढे विद्यार्थ्यांची लाटच आली. स्टेशनवर बघावं तर चाकांच्या बॅगा ओढणारी आपलीच मुलं. मामा त्यांना गाडीतून आणत, खोली बघून देत, पहिल्या दिवशी वरणभात जेवू घालत, आणि वाढता वाढता पोलिसासारखे प्रश्न विचारत. पलंग घेणार की गादी जमिनीवर? गादी जमिनीवर म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर. कढीपत्ता लावला, तर कुंडीत की जमिनीत? कुंडीत म्हणजे गेलाच समजा. एक मुलगा म्हणाला, "नो वरीज अंकल, मी इथेच आहे." तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "नो वरीज म्हणणारा पहिला पळतो." आणि तो खरंच मेलबर्नला पळाला. अशा वेळी मामांना आनंद व्हायचा की दुःख, ते त्यांच्या तोंडावरून कळत नसे.

पण त्यांची खरी परीक्षा गॅरेजमध्ये होई. आपल्या लोकांना टीव्हीचं, मिक्सरचं खोकं फेकवत नाही. आतल्या थर्माकोलसकट जपून ठेवतात, घर बदलताना लागेल म्हणून. मामांना हे पक्कं ठाऊक. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा पुढे केला, तर म्हणाले, "चहा नंतर. विहीणबाई, गॅरेज दाखवा." आत टीव्हीचं खोकं दिसलं. मुलगा गडबडला. "मामा, ते वॉरंटीसाठी ठेवलंय."

"वॉरंटी टीव्हीला असते, खोक्याला नसते," असं म्हणून त्यांनी खोकं पायाखाली घालून चपटं केलं, पिवळ्या झाकणाच्या, रद्दीच्या डब्यात कोंबलं, आणि मग समाधानाने चहा प्यायले.

त्यांचं स्वतःचं गॅरेज मात्र कायम बंद. गाडी उन्हात, गारांत बाहेर उभी, पण दार उघडत नसे. मलाही मग संशय यायला लागला. दुसऱ्याच्या घरात एवढं डोकावणारा माणूस स्वतःचं एवढं का झाकतो? मुलं म्हणायची, आत कांगारू आहे.

मग सुनेला सिडनीत, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये नोकरी लागली. मुलगा म्हणाला, "आई, मामांना इतक्यात काही बोलू नकोस. मी सांगतो." मी कशाला बोलते! पण शनिवारी मामा मेथी घेऊन आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि माझ्या डब्यांकडे बघत म्हणाले, "डाळ तळाला गेली आहे. नवी भरली नाहीत?"

मी पोळी लाटत राहिले.

"कुठे निघालात?"

"वेस्टमीडला," मी म्हणाले. पोळी फाटली. मामा चहा न घेता गेले, आणि नंतर फिरकलेच नाहीत. त्यांच्या सख्ख्या भाचीचं घर उठत होतं. दुसरं नातलग त्यांना त्या गावात नव्हतं.

सामान हलवणारे म्हणाले, खोक्याशिवाय टीव्ही फुटला तर आमची जबाबदारी नाही. मुलगा चिडला, "मामांची कृपा!" त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला. "खोकी घेऊन जा."

त्यांच्या गॅरेजचं दार त्या दिवशी उघडं होतं. भिंतीला लावून खोकीच खोकी, मिक्सरचं, कुकरचं, जुन्या जाड्या टीव्हीचं, प्रत्येकावर सुतळी नीट बांधलेली. मामी मी इथे येण्याआधीच वारल्या होत्या. मामा म्हणाले, "तिने एकही फाडू दिलं नाही. म्हणायची, असू दे, परत जाताना लागेल."

मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हणायचो, पुढच्या वर्षी."

एवढं बोलून ते आमच्या मुलावर खेकसले, "बघत काय उभा राहिलास? उचल!" आमचा चपटा टीव्ही त्या अवाढव्य खोक्यात दोन गोधड्या आणि चार उशा घालून कसाबसा उभा राहिला, आणि मामींची खोकी शेवटी गावाबाहेर पडली.

आता मामा दर रविवारी फोन करतात. आधी भाचीशी बोलतात, मग मला बोलावतात. परवा म्हणाले,

"विहीणबाई, कढीपत्ता?"

"जमिनीत लावला."

"आणि खोकी? फाडली ना?"

"फाडली," मी म्हणाले. ती माझ्या पलंगामागे उभी आहेत, सुतळीसकट.

मामा म्हणाले, "खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असू दे," मामा म्हणाले.